इंजेक्शनाने दुखणे थांबले, हे कशावरून?

पुरुषांच्या ओटीपोटात, जांघेत किंवा अंडकोशामागे महिनोन्‌महिने दुखत राहते, आणि तपासणीत जंतू मात्र सापडत नाहीत, असा एक आजार आहे. संकोचामुळे त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. नेमके कारण ठाऊक नाही, म्हणून उपाय पुष्कळ. त्यांपैकी एक इंजेक्शनाचा : बधिर करणारे औषध किंवा स्नायू सैल करणारे बोटुलिनम टॉक्सिन दुखऱ्या जागी टोचायचे. 'रुग्णांना टोचले, बहुतेकांना आराम पडला,' एवढ्यावरच अनेकदा उपाय यशस्वी ठरवला जातो. आमचा आक्षेप या तर्काला आहे.

समजा, फुलचूरच्या एका गृहस्थांना हे दुखणे आहे. ते कमीजास्त होत असते. अगदी असह्य झाले की ते गोंदियाला जाऊन इंजेक्शन घेतात. पंधरा दिवसांनी बरे वाटते. पण दुखणे कळसाला पोहोचले होते. त्यानंतर ते आपोआप उतरणारच नव्हते कशावरून? शिवाय 'सुई घेतली, आता गुण येईल' हा विश्वासही वेदना कमी करतो.

हा परिणाम किती मोठा असतो? २००८ साली अल्फुझोसिन या गोळीची २७२ पुरुषांवर चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधरहित गोळी. बारा आठवड्यांनी ४३ गुणांच्या त्रास-मापनात किमान ४ गुणांची घट औषधाच्या गटात ४९.३ टक्के जणांना दिसली. आणि औषधरहित गटात? तितक्याच, ४९.३ टक्के जणांना! दुसरा गट नसता, तर 'निम्म्यांना गुण आला' असेच आपण म्हटले असते.

इंजेक्शनाची परीक्षा याहून अवघड. तुलनेसाठी मिठाचे निर्जंतुक पाणी टोचावे लागते. पण नुसत्या सुईनेही आखडलेला स्नायू सैल होऊ शकतो. म्हणजे ही तुलना औषधाची झाली, सुईची नव्हे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक चाचणीत २९ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे बोटुलिनम टॉक्सिन किंवा मिठाचे पाणी टोचले. महिन्याभराने आराम पडल्याचे सांगणारे अनुक्रमे ३० व १३ टक्के होते. दुपटीहून अधिक! पण टक्क्यांची माणसे करून पाहा : फरक जेमतेम दोघातिघांचा. अशी चाचणी मोठ्या चाचणीची गरज दाखवते, उपाय सिद्ध करत नाही.

'गुण आला ना, मग झाले!' असे कोणी म्हणेल. पण सुईबरोबर रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि खर्च येतात. ते सोसायला सांगायचे, तर उपाय पारखून घेणे हे रुग्णाचे देणे आहे.

शिक्षकांनी हे आकडे फळ्यावर लिहून आधी पहिल्या गटाचाच आकडा सांगावा आणि मुलांचा निष्कर्ष विचारावा. दुसरा आकडा त्यानंतर.