‘याबेसची प्रार्थना’ : दोन वचनं आणि एक पुस्तक

आज आपण एक लहानसं पुस्तक तपासायला घेतोय. ब्रूस विल्किन्सन यांचं ‘द प्रेयर ऑफ जाबेझ’, अमेरिकेत २००० साली निघालेलं. शंभर पानंसुद्धा नाहीत, पण लाखोंनी खपलं. मागोमाग त्या नावाच्या रोजनिश्या आणि मगही बाजारात आले.

तपासायला घेतोय म्हणजे लेखकावर संशय घेतोय असं नाही. बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणं मोठ्या उत्सुकतेनं ऐकलं आणि रोज शास्त्र उघडून ताडूनही पाहिलं (प्रेषितांची कृत्ये १७:११). दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत. आपल्याकडे बहुतेकांना त्यातली एकच जमते.

तर याबेस. पहिले इतिहास, अध्याय ४, वचनं ९ आणि १०. नावांच्या लांबलचक यादीत मध्येच हा माणूस येतो, चार गोष्टी मागतो: आशीर्वाद दे, माझी सीमा वाढव, तुझा हात माझ्याबरोबर असू दे, अरिष्टापासून राख. देव ते देतो. मग यादी पुढे चालू.

विल्किन्सन सांगतात की हीच प्रार्थना रोज करा, महिनाभर करून बघा, जीवनात फरक दिसेल. आता आपण विचारायचं, शास्त्र असं कुठे सांगतं? देवानं याबेसचं ऐकलं हे शास्त्र नोंदवतं. ‘तुम्हीही हेच शब्द रोज म्हणा’ असं ते सांगत नाही. घडलेली गोष्ट आणि दिलेली आज्ञा यांतला फरक पुसला की प्रार्थनेचा मंत्र व्हायला वेळ लागत नाही. जप म्हणजे काय हे आपल्या देशात कुणाला समजावून सांगायला नको.

लेखकावर अन्यायही नको. आशीर्वाद कोणता द्यायचा हे याबेसनं देवावर सोडलं, असं ते स्पष्ट लिहितात. सीमा म्हणजे मुख्यतः सेवेचं क्षेत्र, असंही. पण त्याच भागात, याबेस शेअरबाजारात असता तर त्यानं गुंतवणुकीची किंमत वाढव अशी प्रार्थना केली असती, असंही वाक्य येतं. वाचकाच्या लक्षात यातलं काय राहणार, सांगा!

त्यात एक गोष्ट आहे. श्री. जोन्स स्वर्गात जातात, तिथं न उघडलेल्या खोक्यांचं गोदाम. पृथ्वीवर न मागितल्यामुळे राहून गेलेले आशीर्वाद. गोष्ट रंगते, पण शास्त्रात हे गोदाम नाही. न मागितल्यामुळे मिळत नाही, हे याकोब ४:२ मध्ये आहे खरं. पण लगेच पुढचं वचन म्हणतं की मागूनही मिळत नाही, कारण हेतू वाईट असतो. आणि पौलाचा काटा? त्यानं तीनदा मागितलं, काटा निघाला नाही (२ करिंथ १२). तो कोणत्या खोक्यात बसवायचा?

आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते चौथं मागणं. याबेस या नावात ‘वेदना’ या हिब्रू शब्दाची अक्षरं उलटसुलट केलेली आहेत, कारण आईनं त्याला वेदनेत जन्म दिला. प्रार्थनेच्या शेवटी तोच शब्द येतो. ज्याचं नावच वेदना, तो म्हणतो, मला वेदना होऊ नये. विल्किन्सन यांनी घेतलेल्या इंग्रजी भाषांतरात मात्र ‘माझ्यामुळे वेदना होऊ नये’ असा अर्थ आहे, आणि मोहापासून दूर राहण्याचं त्यांचं प्रकरण त्याला धरूनच चालतं. मोहाबद्दलचा सल्ला चांगला आहे. पण जन्मापासून कपाळी दुःखाचं नाव असलेल्या माणसाचं रडणं त्यात हरवलं.

पुढे २००२ साली विल्किन्सन आफ्रिकेत गेले. एड्समुळे अनाथ झालेल्या दहा हजार मुलांसाठी स्वाझिलँडमध्ये मोठी वसाहत उभारायची त्यांची योजना होती. ती उभी राहिली नाही. २००५ साली त्यांनी काम सोडलं. यावरून त्यांना हसणाऱ्यांत आम्ही नाही. अनाथांसाठी एवढं धाडस करणारे थोडेच. मात्र ज्या वाचकांनी तीस दिवस मोजले आणि काहीच बदललं नाही, त्यांनी दोष कुणाला दिला असेल? पुस्तकाला नव्हे. स्वतःच्या विश्वासाला.

पुढच्या वेळी येताना पहिले इतिहास, अध्याय १ ते ९ वाचून या. कंटाळवाणे आहेत, माहीत आहे. तरी वाचा.