‘स्मृतिचित्रे’मधील करुणा : दातृत्व आणि गृहिणीचे श्रम

प्रास्ताविक

मराठीत ख्रिस्ती सेवाभावाचा विचार बहुधा संस्थांच्या अंगाने होतो. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) व केडगावचे मुक्ती मिशन ही त्याची ठळक उदाहरणे होत. लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८-१९३६) ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मात्र हा सेवाभाव घराच्या आतून, स्वयंपाकघरातून दिसतो. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ विनोद आणि प्रांजळपणा यांसाठी वाखाणला जातो. या विनोदाआड एक गंभीर प्रश्न आहे : करुणेची किंमत कोण मोजतो?

सोवळ्याकडून सेवेकडे

ग्रंथारंभी भेटतात ते सोवळ्यापायी मीठसुद्धा धुवायला लावणारे लेखिकेचे वडील. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. पुढे जातिभेद मानवनिर्मित असल्याचे त्यांना पटले आणि त्यानंतर, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम लक्षणीय आहे. विटाळाची कल्पना आधी गळाली, धर्मांतर नंतर झाले. दया सोवळ्यात राहून, दुरूनही करता येते. करुणेला मात्र स्पर्श टाळता येत नाही.

करुणेचा भार

लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात याजक व लेवी जखमी वाटसरूला टाळून जातात. शोमरोनी त्याची शुश्रूषा करतो, त्याला उतारशाळेत नेतो आणि दुसऱ्या दिवशी दोन नाणी देऊन पुढे जातो. त्यानंतरची शुश्रूषा उतारशाळेच्या रक्षकाकडे येते. त्याच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. टिळकांच्या संसारात हे रक्षकपण लक्ष्मीबाईंकडे आले, आणि तेही पुष्कळदा त्या दोन नाण्यांवाचून. टिळक हातचे देऊन मोकळे होत. अनाथ मुले व पाहुणे यांची व्यवस्था पत्नीने पाहावयाची. लक्ष्मीबाई याची तक्रार हसत नोंदवतात, पण नोंदवतात हे महत्त्वाचे. पतीविषयीचा आदर त्यांना हिशेब लपवावयास लावीत नाही.

मर्यादा व निष्कर्ष

आश्रितांचे अनुभव येथे लेखिकेच्याच नजरेतून येतात. सेवा स्वीकारणाऱ्याला काय वाटले, हे आपणांस क्वचितच कळते. ही आत्मचरित्र या प्रकाराची मर्यादा असली, तरी वाचकाने ती विसरू नये. असे असूनही सेवेच्या गौरवगाथांत न आढळणारी एक गोष्ट हा ग्रंथ देतो. देणाऱ्याच्या मागे रांधणारी, धुणारी, जागणारी एक व्यक्ती उभी असते, आणि तिचे श्रम वगळून केलेले करुणेचे मूल्यमापन अपुरे ठरते.