परसांतील पाखरें आणि मराठी निसर्गलेखन

गोंदिया जिल्हा वयानें लहान आहे. १ मे १९९९ रोजीं तो भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला. परंतु मराठी निसर्गलेखनाच्या नकाशावर या मुलखाचें स्थान फार मोठें आहे. व्यंकटेश माडगूळकरांचें ‘नागझिरा’, मारुती चितमपल्ली यांचें ‘नवेगावबांधचे दिवस’ आणि किरण पुरंदरे यांचें ‘सखा नागझिरा’ हीं तिन्ही पुस्तकें याच बाजूच्या रानांतून आलीं. असें असतांही एक प्रश्न विचारल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. गोंदिया, तिरोडा, आमगांव येथील घरांच्या परसांत, विहिरीच्या कांठीं आणि पेरूच्या झाडावर बारा महिने जीं पाखरें येतात व जातात, त्यांचें पुस्तक कोठें आहे?

हा प्रश्न या लेखकांस दोष देण्यासाठीं विचारलेला नाहीं, हें प्रथमच सांगितलेलें बरें. माडगूळकर रानांत पाहुणे म्हणून गेले. आपणांस लवकरच निघावयाचें आहे हें ठाऊक असलेल्या मनुष्याची नजर जशी तीक्ष्ण होते, तशी त्यांची झाली आहे. त्यांतून ते चित्रकार, तेव्हां शब्दांची उधळपट्टी त्यांच्या हातून होतच नाहीं. चितमपल्लींची गोष्ट निराळी. ते वनाधिकारी, रानांत नोकरीनिमित्त राहिलेले. आणि त्यांचें खरें धन म्हणजे नांवें. गोंड, ढिवर, गुराखी यांच्या तोंडीं असलेलीं पक्ष्यांचीं व झाडांचीं नांवें त्यांनीं जन्मभर वेंचलीं व मराठीस दिलीं. २०२५ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीं १८ जून रोजीं सोलापुरांत ते निवर्तले. त्यांच्या मागें त्यांचे गुणगान पुष्कळ झालें. त्यांच्या लेखनाची चिकित्सा मात्र, आमच्या मतें, अजून व्हावयाची आहे.

ती चिकित्सा घराच्या ओटीवर बसूनच कोठें होऊं शकेल, याचें एक उदाहरण देतों. कावळ्यानें आंबा, करंज अशा झाडावर घरटें केलें तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या कांटेरी झाडावर केलें तर कमी, ही समजूत चितमपल्लींच्या लेखनामुळें व भाषणांमुळें महाराष्ट्रभर पसरली. दर उन्हाळ्यांत वर्तमानपत्रें ती छापतात. ही समजूत खरी कीं खोटी? पुस्तक वाचून याचें उत्तर मिळत नाहीं. कारण कोणत्या सालीं, कोणत्या गांवीं, किती घरटीं कोणत्या झाडांवर होतीं आणि त्या वर्षीं पाऊस किती पडला, याची नोंद वाचकापुढें नाहीं. पाहिलेलें कोणतें आणि ऐकलेलें कोणतें, याची सीमारेषा चितमपल्लींच्या लेखनांत पुष्कळदां पुसट असते. तिच्यामुळें त्या गद्यास एक मोहक धुकें येतें हें खरें, परंतु त्याच धुक्यांत वाचकाची वाटही चुकते. कावळा तर रानाचा पक्षी नव्हे, आपल्या दारचाच. एकाद्या शिक्षकानें किंवा गृहिणीनें एकाच आळींतील घरटीं दहा वर्षें वहींत टिपलीं, तर जें एवढ्या मोठ्या लेखकाच्या हातून राहिलें तें सहज होईल.

घरापासून दोन पावलांवर उभें राहून केवढें काम करतां येतें, हें सलीम अलींनीं १९३० सालीं अलिबागजवळ किहीम येथें दाखविलें आहे. नोकरी नव्हती, म्हणून समुद्रकांठच्या घरांत राहावयास गेलेल्या या गृहस्थानें जवळच्या झाडांवरील सुगरणींचीं घरटीं रोज पाहिलीं. नर एक घरटें अर्धें विणतो, मादी येऊन तें पसंत करते, मग तो तें पुरें करून दुसरें आरंभितो आणि दुसरी मादी मिळवितो, हें सत्य त्या पाहण्यांतून बाहेर आलें. आमच्या भाषेनें मात्र त्या विणकऱ्यास ‘सुगरण’ असें बायकी नांव ठेवलें, आणि बहिणाबाईंच्या कवितेनें खोप्याचें सारें श्रेय त्या नांवास देऊन टाकलें. कविता त्यामुळें उणी होत नाहीं. परंतु कविता पाठ असलेल्या किती घरांनीं विहिरीवरच्या बाभळीकडे मान वर करून पाहिलें असेल?

आणि गोंदियाच्या बाजूस पाहण्यासारखें काय कमी आहे! फाल्गुनांत पळस फुलला कीं त्यावर गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैनांचे थवे उतरतात. झाडावरूनच त्यांस पळसमैना हें नांव पडलें. वीण करावयास त्या मध्य आशियाकडे जाणार असतात, तेव्हां हा मुक्काम म्हणजे निघण्यापूर्वींचें जेवणच. पुढें कोकिळ ओरडूं लागतो व कावळा काड्या जमवितो. या दोन गोष्टी एकाच वेळीं घडतात त्यास कारण आहे, कोकिळेस अंडीं ठेवावयास तेंच घरटें लागतें. ज्येष्ठांत पावशा शेतकऱ्यास पेरणीची आठवण देतो, आणि पावसाबरोबर आफ्रिकेकडून चातक येतो. हे दोघेही आपलीं पिल्लें सातभाईंच्या गळ्यांत बांधतात. परसांतील कुंपणाखालीं कलकलाट करणारे ते मातकट सातभाई आपल्याहून थोर दिसणाऱ्या परक्या पिल्लास भरवीत असतात, आणि घरांतील मंडळी त्यांस नुसतें हाकलीत असतात. भाद्रपद-आश्विनांत शेपटी हालवीत धोबी अंगणांत उतरला म्हणजे हिमालयाकडील थंडी सुरू झाली असें समजावें. त्यानंतर कोहळी लोकांनीं बांधलेल्या जुन्या तळ्यांवर बदकें येऊं लागतात.

हें सारें लिहावयाचें कसें, याचे नमुने नाहींत असें नाहीं. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’नें (१९५६) चैत्रापासून बारा महिने धरून निसर्ग पाहण्याची रीत मराठींत रूढ केली; तिच्यांत झाडें अधिक, पाखरें कमी, एवढेंच. परदेशांत गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकानें आपलें सेलबोर्न गांव सहसा न सोडतां वर्षानुवर्षें रोजनिशी ठेवली, आणि दिसावयास सारख्या असणाऱ्या तीन लहान पक्ष्यांस केवळ त्यांच्या गाण्यावरून वेगळें ओळखलें. त्याचें पुस्तक १७८९ पासून आजवर वाचलें जात आहे. याहून जवळचें उदाहरण साताऱ्यास जन्मलेल्या एडवर्ड एटकिन याचें. त्यानें १८८३ सालीं आपल्या बंगल्याच्या व्हरांड्यांतील कावळे, उंदीर, बेडूक यांवर इंग्रजींत असें पुस्तक लिहिलें कीं वाचतांना हंसूं आवरत नाहीं. येथेंच आमचें मराठी निसर्गलेखन उणें पडतें. आमचे लेखक रानांत शिरतांच देवळांत शिरल्यासारखे गंभीर होतात. कावळ्यावर, साळुंकीवर, आरशाशीं भांडणाऱ्या चिमणीवर गंभीर होऊन चालणार नाहीं. तीं आपल्या घरचींच माणसें आहेत. चिमणराव निर्माण करणाऱ्या भाषेस एवढें जमूं नये, याचें आम्हांस नवल वाटतें.

शेवटीं सारसाविषयीं. माणसाएवढा उंच असलेला हा क्रौंचकुळांतील पक्षी महाराष्ट्रांत आतां मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांतच उरला आहे, आणि तोही मोजक्या संख्येनें. तो दाट रानांत राहत नाहीं. पावसाळ्यांत धानाच्या बांधींत, साचलेल्या पाण्यांत, गवताचा व धानाच्या काड्यांचा ढीग रचून तेथें तो बहुधा दोन अंडीं घालतो. म्हणजे त्याचें जगणें-मरणें वनखात्यापेक्षां त्या बांधीच्या मालकावर अधिक अवलंबून आहे. पिकाचा तेवढा तुकडा सोडावा कीं घरटें मोडावें, हें तोच ठरवितो. वाघावर ग्रंथ झाले, तळ्यावर झाले. नर-मादीची जोडी पहांटे धुऱ्यावरून ओरडते तेव्हां आपल्या घराच्या दारांतून ती ऐकणाऱ्या त्या शेतकऱ्यानें काय पाहिलें, किती दिवसांनीं पिल्लें बाहेर पडलेलीं पाहिलीं, कोणत्या वर्षीं जोडी आलीच नाहीं, हें त्याच्याच बोलींत लिहून घेणारें पुस्तक आमच्या पाहण्यांत अद्याप आलेलें नाहीं.