घोड्याचा नाल आणि अर्धा पुरावा

घोड्याला नाल मारावा की नाही, या वादात नालविरोधक २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकचा दाखला देतात. अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या सांघिक स्पर्धेत स्वीडनने सुवर्णपदक मिळवले. त्यांच्या तीन घोड्यांपैकी दोन बिननालाचे होते. दाखला खरा आहे. पण त्यावरून नाल अनावश्यक ठरत नाही. तिसरा घोडा नालाचाच होता!

खूर म्हणजे आपल्या नखासारखेच केराटिनचे आवरण. ते महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढते आणि चालताना झिजते. वाढीपेक्षा झीज जास्त झाली, की घोडा लंगडू लागतो. तेथे नाल उपयोगी पडतो. ऑलिंपिकचे मैदान वाळूचे होते. डांबरी रस्त्यावर रोज गाडी ओढणाऱ्या घोड्याला तोच न्याय कसा लावणार?

अर्थात, भार पडताच खुराची टाच किंचित फाकते आणि नाल तिला आवळतो, ही नालविरोधकांची तक्रार रास्त आहे. म्हणून प्रश्न 'नाल की निसर्ग' असा नाही. 'वाढ किती, झीज किती' असा आहे. वर्गात असा दाखला कोणी दिला, तर विद्यार्थ्यांनी विचारावे : जमीन कोणती, काम किती आणि तिसऱ्या घोड्याचे काय?