'राजी'ची वाट पाहताना: अपेक्षा, पहिला तास आणि आपलं संशोधन

आमच्या जुन्नर तालुक्यात 'बिबट्या दिसला' अशी बातमी आली, की त्या रात्री सगळं काही बिबट्याच असतं. ऊस हलला, बिबट्या. कुत्रं एकदम गप्प झालं, बिबट्या. मी बारावीत असताना रात्रीची लाइट आली म्हणून काकांबरोबर मोटार चालू करायला मळ्यात गेलो होतो. बांधावर दोन डोळे चमकले आणि मी जागीच थिजलो. काकांनी बॅटरी नीट धरली आणि म्हणाले, "आरं, मांजार हाय ते." मांजरच होतं. पण घरी आल्यावर मी आईला सांगितलं ते "काहीतरी मोठं होतं" असंच. गंमत म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो. मला ते खरंच मोठं दिसलं होतं.

आजचा विषय हाच आहे. एखाद्या गोष्टीची आपण वाट पाहत असतो तेव्हा ती समोर आल्यावर आपण नक्की काय पाहतो? उदाहरण म्हणून मी एक व्हिडिओ गेम घेतोय. 'पेट'चा अभ्यास करताना गेम कशाला, असं वाटेल. पण सिनॉप्सिस लिहायच्या आधी ही चूक कळली, तर तुमचा एक फील्ड सीझन वाचेल. माझा वाया गेला.

गेमचं नाव 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. बनवला पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी काम चालू राहिलं आणि १८ ऑगस्ट २०२० ला गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला, मग १५ ऑक्टोबरला पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. गोष्ट थोडक्यात अशी: राक्षस पुन्हा पृथ्वीवर येतात आणि मुलं पळवून नेतात. राजी ही कसरती करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला जातो. दुर्गा तिला निवडते, त्रिशूळ देते आणि राजी महाबलासुराच्या मागे निघते.

तेव्हा मी एम.एस्सी.ला होतो, लॉकडाऊनमुळे गावी अडकलेला. आमच्या नेटच्या वेगाने गेम रात्रभर डाउनलोडला लावावा लागला. झोप येईना, म्हणून प्रॅक्टिकलच्या वहीच्या शेवटच्या पानावर अपेक्षा लिहून काढल्या. चारच वाक्यं होती. एक, पुण्यात बनलाय म्हणजे गोष्ट 'आपली' असणार. दोन, आरपीजी आहे, म्हणजे राजी काय करेल हे मी ठरवणार. तीन, देव-दानव खरे वाटतील, नुसते रंगवलेले नाहीत. चार, बाहेरच्या गेमपेक्षा कमी नसणार. चौथ्या वाक्याखाली दोनदा रेघ मारली होती.

दुसऱ्या दिवशी तासभर खेळल्यावर त्याच पानाखाली अर्धं पान लिहिलं. "जमलंय! गोष्ट आपलीच आहे. देव खरे वाटतात. कुठेही कमी नाही." आठवड्याने गेम संपल्यावरची नोंद मात्र दोन शब्दांची आहे: "संपला? एवढ्यातच?"

ही वही मला गेल्या वर्षी पुन्हा सापडली. अपेक्षेतले शब्द आणि पहिल्या तासाच्या नोंदीतले शब्द एकच होते. पहिल्या तासात मी गेम पाहिलाच नव्हता. आदल्या रात्री लिहिलेल्या वाक्यांसमोर बरोबरच्या खुणा करत गेलो होतो.

आता हे नीट सुटं करू. दुसरी अपेक्षा सरळ चूक होती. 'राजी' आरपीजी नाहीच. तो ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे. शस्त्रांची ताकद वाढवता येते, पण राजी कुणाशी काय बोलेल, कुठला रस्ता धरेल, हे आपल्या हातात नाही. ट्रेलरने तसं म्हटलंही नव्हतं. उड्या, त्रिशूळ, राजवाडे आणि राक्षस पाहून बाकीचा गेम मी मनातच बनवला होता. पुढे "निवड करता येत नाही" म्हणून जी नाराजी झाली, तिला गेम जबाबदार नव्हता. संशोधनात हेच होतं. शीर्षक आणि सारांश वाचून आपण पेपर मनात पूर्ण करतो आणि मग लेखकाने तो तसा लिहिला नाही म्हणून चिडतो. टीका करायची तर कृतीने स्वतः काय करायचं ठरवलं होतं, तिथून सुरुवात करावी.

पण पहिल्या तासात 'कुठेही कमी नाही' असं मला दिसलं, त्याचं काय? इथे विज्ञानातला एक जुना किस्सा कामाचा आहे. १९०३ मध्ये फ्रान्समधल्या नान्सी इथले रने ब्लाँदलो यांनी 'एन-किरण' सापडल्याचं जाहीर केलं. अंधाऱ्या खोलीत एखादा मंद उजेड किंचित वाढला की नाही, हे डोळ्यांनी ओळखायचं, अशी ती पद्धत. इतरांनाही ते किरण 'दिसू' लागले. १९०४ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड तिथे गेले आणि अंधारात त्यांनी उपकरणातला लोलक गुपचूप काढून घेतला. तरी निरीक्षणं पूर्वीसारखीच येत राहिली. त्या खोलीत कुणी लबाड नव्हतं. सगळे फक्त वाट पाहत होते.

माझा लोलक निघाला तो आंबेगाव तालुक्यात. माझं काम शेकरूच्या घरट्यांवर आहे. भीमाशंकर अभयारण्य सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याच्या आसपास आहुप्यासारख्या गावांत जुन्या देवराया आहेत. माझं गृहीतक असं, की देवराईत झाडं जुनी, फांद्या एकमेकांत गुंतलेल्या, म्हणून घरटी जास्त. पहिल्या सीझनचा डेटा अगदी हवा तसा आला. मी खूश होऊन मॅडमना तक्ता दाखवला. त्यांनी घरट्यांच्या आकड्यांकडे पाहिलंच नाही. सुरुवात-शेवटच्या वेळांचा रकाना पाहिला आणि विचारलं, "देवराईतल्या पट्ट्याला पाऊण तास, बाहेरच्याला वीस मिनिटं. हे कसं काय?"

उत्तर नव्हतं. देवराईत मी मान वर करून झाड न् झाड पाहत होतो, कारण तिथे घरटी 'असणार' होती. बाहेर चालता चालता पाहत होतो. नोंदवलेलं एकही घरटं खोटं नव्हतं, पण शोधण्याची मेहनत सारखी नव्हती. तो सीझन बाजूला ठेवावा लागला. वही सापडली तीही त्याच सुमारास, आणि मला एकदम समजलं की 'राजी'च्या पहिल्या तासातही मी हेच केलं होतं. सुंदर भिंतीसमोर दहा मिनिटं थांबलो होतो आणि चुकलेल्या उडीवरून पुढे पळालो होतो.

म्हणून यंदाच्या पावसाळ्यात, फील्ड बंद असताना, 'राजी' पुन्हा खेळलो. नियम एकच: आवडलेल्या आणि खटकलेल्या जागेला सारखाच वेळ द्यायचा.

जे टिकलं ते आधी सांगतो. मधले कथेचे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांच्या शैलीत आहेत आणि ते आजही छान वाटतात. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलाकारांनी चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा जपलीय. ती पाहिली असेल, तर पडद्यामागच्या उजेडाची जादू लगेच ओळखू येईल. राजस्थानी किल्ल्यांची आठवण करून देणारे चौक आणि जाळ्या नुसत्या शोभेच्या नाहीत, त्यांच्यावरून चढायचं, लोंबकळायचं असतं. पण सगळ्यात चांगली गोष्ट मला पहिल्या वेळी दिसलीच नव्हती. राजी कसरतवाली आहे आणि ती लढते कसरतवालीसारखीच. खांबाला गिरकी घेऊन वार करते, भिंतीवरून धावत उडी मारते. पात्र कोण आहे, हे संवादातून न सांगता हालचालीतून सांगितलंय. म्हणजे 'भूमिका' या गेममध्ये आहे. फक्त मी ती चुकीच्या ठिकाणी शोधत होतो.

आता खटकलेलं. कॅमेरा आपल्याला फिरवता येत नाही, त्यामुळे काही उड्यांत समोरच्या कड्याचं अंतर कळत नाही आणि आपली चूक नसताना राजी खाली पडते. लढाई बऱ्याचदा अडखळते, बटण दाबल्याचं अंगात उतरत नाही. बंद चौकात राक्षसांच्या लाटा येतात, तेच पुन्हा. आणि पाच-सहा तासांत गोष्ट जिथे घट्ट व्हायला लागते तिथेच तुटते. "एवढ्यातच?" ही जुनी नोंद बरोबर होती.

पण माझा मुख्य आक्षेप तिसऱ्या अपेक्षेबद्दल आहे. देव खरे वाटतात का?

दुर्गा आणि विष्णू आपल्याला गोष्ट सांगत राहतात. भित्तिचित्रासमोर उभं राहिलं की पुराणातली कथा ऐकवतात. पहिल्या वेळी ते मला फार भावलं. दुसऱ्या वेळी लक्षात आलं, की देव इथे बोलतात आणि शस्त्रं देतात, मागत मात्र काहीच नाहीत. विजेची, आगीची शक्ती मिळते ती आपण हवी तेव्हा एका शस्त्रातून काढून दुसऱ्यात घालू शकतो, काहीही न गमावता. आपल्याकडे देवाशी असा व्यवहार असतो का? शिवनेरीवर शिवाई देवी आहे. जिजाऊंनी तिला नवस केला होता, असं परंपरा सांगते. नवस म्हणजे देणं-घेणं. बोललात तर फेडावा लागतो. देवराईचंही तेच. तिथला देव कुणाशी बोलत नाही, पण त्याच्या नावाने एक नियम आहे: इथली फांदी तोडायची नाही. मी ज्या झाडांखाली मान वर करून उभा होतो ती झाडं त्या नियमामुळे उभी आहेत. अलौकिक गोष्ट खरी वाटते ती दिसण्यावरून नाही, तिच्यामुळे आपल्या वागण्यावर काय बंधन येतं त्यावरून.

ही अपेक्षा अवाजवी नाही, कारण गेममध्ये ते करून दाखवता येतं. 'द विचर ३' (२०१५) च्या सुरुवातीच्या भागात एका विहिरीपाशी भूत असतं. त्याला नुसत्या तलवारीने कायमचं घालवता येत नाही. ते तिथे का अडकलंय हे शोधावं लागतं, विहिरीच्या तळातून एक कंकण आणावं लागतं आणि मृत बाईच्या अवशेषांबरोबर ते जाळावं लागतं. तिथे भूत म्हणजे एक नियम आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय सुटका नाही. मोठ्या पैशांची ही बाब नाही, त्या एका कामाची कल्पना साधीच आहे. 'राजी'च्या लोकांनी राजीच्या शरीराला नियम दिला. देवांना दिला नाही.

याचा अर्थ गेम वाईट आहे असा नाही. २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या इंडी गेमच्या विभागात त्याला नामांकन मिळालं होतं, ते योग्यच होतं. पुरस्कार 'फास्मोफोबिया'ला गेला. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आले आणि त्यात गेम जास्त जवळचा वाटतो. पण 'पुण्यात बनलाय' म्हणून मी त्याला जी सूट दिली, ती खरं तर त्याचा अपमान होता. मन लावून केलेल्या कामाला मन लावून केलेली टीका लागते. सूट आपण ज्याला कच्चा समजतो त्याला देतो.

आता तुमच्या कामाचं बोलू. अपेक्षा ठेवू नका, असं मी म्हणणार नाही. अपेक्षेशिवाय कुठे पाहायचं हेच कळत नाही. गृहीतक म्हणजे तरी काय, तारीख घालून लिहिलेली अपेक्षाच. फक्त तीन गोष्टी करा.

१. अपेक्षा आधी लिहा, तारखेसह. नंतर आठवून लिहिलेली अपेक्षा निकालाला जुळतेच. माझ्याकडे ते पान नसतं, तर "मला आधीच वाटलं होतं" असं मी आज छातीठोक सांगितलं असतं.

२. प्रत्येक अपेक्षेसमोर लिहा, की काय दिसलं तर मी ती सोडेन. 'चांगला असणार' ही अपेक्षा कधी खोटी पडूच शकत नाही, म्हणून ती निरुपयोगी. 'देव माझ्याकडून काहीतरी मागतील' ही पडू शकते.

३. मेहनत मोजा. हव्या असलेल्या उत्तराच्या बाजूने किती वेळ पाहिलं आणि विरुद्ध बाजूने किती, याचा वेगळा रकाना ठेवा. आमच्या मॅडमनी पाहिला तोच रकाना.

आणि पहिली छाप फेकून देऊ नका. ती प्राथमिक पाहणी आहे, निष्कर्ष नाही. माझ्या अर्ध्या पानात गेमबद्दल फारसं काही नसलं, तरी माझ्याबद्दल बरंच होतं.

या महिन्यात तुम्ही ज्याची वाट पाहताय असं काहीही घ्या: गेम, सिनेमा किंवा गाईडने वाचायला दिलेला पेपर. सुरू करायच्या आधी चार वाक्यं लिहा आणि वही मिटून ठेवा. माझा नवा सीझन दिवाळीनंतर सुरू होतोय. या वेळी प्रत्येक पट्ट्याला तीस मिनिटं, देवराई असो वा नसो. बरोबर एक ज्युनिअर येणार आहे. माझं गृहीतक काय आहे, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.