ग्रंथालय, खेळ आणि कोडे : एका बालकादंबरीच्या निमित्ताने

मुलांच्या पुस्तकाकडे पाहताना मराठी समीक्षेने प्रायः दोनच प्रश्न विचारले आहेत : ते बोध काय करते आणि मन किती रमवते. कोडे ह्या दोन्ही प्रश्नांतून निसटते. कोड्याचे उत्तर म्हणजे बोध नव्हे. आणि ते सुटेपर्यंत मनाला जी टोचणी लागलेली असते तिला निव्वळ रंजन म्हणणेही कठीण आहे. कोड्याचा धर्म अडवण्याचा आहे. कथा वाचकाला पुढे ओढते, कोडे त्याला जागच्या जागी धरून ठेवते. ह्या ओढाताणीतून जी कादंबरी जन्माला येते तिची पारख कोणत्या कसोटीवर करावयाची, हा प्रश्न ख्रिस ग्रॅबेन्स्टाइन ह्या अमेरिकन लेखकाच्या 'एस्केप फ्रॉम मिस्टर लेमनचेलोज लायब्ररी' (२०१३) ह्या कादंबरीच्या निमित्ताने विचारण्यासारखा आहे. ही कादंबरी इंग्रजी वाचणाऱ्या मुलांत लोकप्रिय झाली, तिचे पुढचे भाग निघाले आणि २०१७ मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपटही झाला. लोकप्रियता हा दोष नाही आणि गुणाचे प्रमाणपत्रही नाही. कृतीकडेच वळले पाहिजे.

कथा ओहायो राज्यातील अलेक्झांड्रियाव्हिल ह्या कल्पित गावी घडते. गावाच्या नावात अलेक्झांड्रियाच्या लयाला गेलेल्या ग्रंथालयाची आठवण आहे. ह्या गावाचे ग्रंथालयही बारा वर्षांपूर्वी मोटारी ठेवण्याच्या इमारतीसाठी पाडण्यात आले आहे. म्हणजे आज बारा वर्षांची असलेली मुले ग्रंथालयावाचूनच वाढलेली आहेत. खेळांच्या व्यवसायात अपार संपत्ती मिळवलेला लेमनचेलो हा ह्याच गावचा. तो एका जुन्या पेढीच्या इमारतीत अद्भुत ग्रंथालय उभारतो आणि निबंधस्पर्धेतून निवडलेल्या बारा मुलांना पहिल्या रात्रीसाठी आत बोलावतो. रात्र सरल्यावर खरी स्पर्धा जाहीर होते : ज्या दाराने आत आलात ते दार वर्ज्य, आणि ग्रंथालयात जे आहे त्याच्याच आधारे चोवीस तासांत बाहेर पडण्याची वाट शोधावयाची. नायक काइल कीली हा पुस्तकांचा नव्हे, खेळांचा वेडा आहे. त्याच्या बाजूला अकिमी आणि सिएरा ह्या मुली व मिगेल आहे. समोर चार्ल्स चिल्टिंग्टन हा इतरांना पायरीसारखे वापरणारा मुलगा आहे. शेवटी काइलचा गट मिळून जिंकतो, आणि बक्षीस म्हणून लेमनचेलोच्या खेळांच्या जाहिरातींत झळकण्याचा मान मिळवतो.

रचनेची सफाई वादातीत आहे. चित्रकोडी, पुस्तकांची नावे, ड्यूईच्या दशांश वर्गीकरणातील क्रमांक, लेमनचेलोच्या बोलण्यात सहज आल्यासारखी वाटणारी ग्रंथनामे, ह्या सर्वांतून धागे निघतात आणि वाचकालाही स्पर्धक करून टाकतात. सर्वांत ऊबदार भाग आहे तो मिसेस टोबिन ह्यांचा. लेमनचेलोच्या बालपणी त्याला आधार देणाऱ्या ह्या ग्रंथपाल बाई आता प्रकाशप्रतिमेच्या रूपाने मुलांना साहाय्य करतात. यंत्रांच्या लखलखाटात एका साध्या ग्रंथपालाचे ऋण लेखकाने विसरू दिलेले नाही, ही गोष्ट त्याच्या पदरी जमा केली पाहिजे.

परंतु कादंबरीचे शीर्षकच एक विसंगती उघड करते. मुलांना ग्रंथालयात आणण्यासाठी लिहिलेल्या ह्या कथेत मुलांचे ध्येय ग्रंथालयातून बाहेर पडण्याचे आहे. ह्या विसंगतीचे विनोदात रूपांतर करणे शक्य होते आणि काही ठिकाणी लेखकाने ते केलेही आहे. पण तिचा परिणाम खोलवर झाला आहे. बाहेर पडण्याची घाई असलेल्या माणसाला प्रत्येक वस्तू किल्लीसारखी दिसू लागते. फळीवरचे पुस्तक काढावे, त्यातून एक अक्षर, एक अंक किंवा एक चित्र उचलावे आणि पुस्तक जागच्या जागी ठेवावे, असा व्यवहार येथे वारंवार घडतो. सिएरा ही एकच मुलगी स्वभावतः वाचक आहे, आणि तिच्या वाचनाचे मोलही गटाला उपयोगी पडणारी माहिती म्हणूनच ठरते. पुस्तकांचा उल्लेख विपुल आणि वाचनाची क्रिया विरळ, असे ह्या कादंबरीचे चित्र आहे. ड्यूईच्या कोष्टकात कोड्यांना ७९३.७३ ही एक लहानशी जागा आहे. येथे त्या एका फळीने उरलेल्या सगळ्या ग्रंथालयावर राज्य केले आहे.

हा दोष कोड्याच्या प्रकृतीतच असतो असे मात्र नाही. महाभारताच्या लेखनाविषयीची आख्यायिका प्रसिद्ध आहे. लेखणी थांबता कामा नये ही गणपतीची अट. अर्थ कळल्यावाचून लिहू नये ही व्यासांची प्रतिअट. आणि मग श्रीगणेशालाही क्षणभर थांबावे लागेल असे कूटश्लोक व्यासांनी घातले. येथे कोडे अडवते ते अर्थापाशी. श्लोक बाजूला ठेवून कूट सोडवता येत नाही. यक्षप्रश्नांची तऱ्हा ह्याहून पुढची आहे. सर्व उत्तरे दिल्यानंतर एकाच भावाला जिवंत करण्याची मुभा मिळते तेव्हा युधिष्ठिर माद्रीच्या नकुलाची निवड करतो, आणि त्या क्षणी परीक्षा बुद्धीची राहत नाही, शीलाची होते. ग्रॅबेन्स्टाइन ह्या दिशेने थोडे चालले आहेत. काइलचा विजय सहकार्याचा आहे आणि चिल्टिंग्टनचा पराभव स्वार्थाचा आहे. पण हा निर्णय पहिल्या काही प्रकरणांतच ठरून गेलेला असतो. कोड्यांनी तो घडवून आणलेला नसतो.

अमेरिकन बालसाहित्यातच ह्याहून सखोल उदाहरण सापडते. ई. एल. कोनिग्सबर्ग ह्यांच्या १९६७ च्या कादंबरीत क्लॉडिया आणि जेमी ही भावंडे घर सोडून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयात लपून राहतात आणि एका देवदूताच्या मूर्तीचे रहस्य शोधतात. उत्तर अखेरीस एका वृद्ध स्त्रीच्या कागदपत्रांच्या कपाटात मिळते. क्लॉडियाला घरी परतावयाचे आहे. पण आली तशीच परतणे तिला नको आहे, आणि त्या कागदाचे गुपित तिला ती निराळी होण्याची संधी देते. तेथे कागद वाचल्याने मुलगी बदलते. लेमनचेलोच्या ग्रंथालयातून बाहेर पडणारी मुले विजयी होतात, प्रसिद्ध होतात. पण कोणते पुस्तक त्यांच्याबरोबर बाहेर पडले हे विचारले तर उत्तर देणे अवघड जाते. ग्रॅबेन्स्टाइन ह्यांनी पूर्वी न्यूयॉर्कच्या जाहिरातसंस्थेत काम केले होते. बक्षीस म्हणून जाहिरातीतील भूमिका त्यांना सुचावी, आणि कथेत त्याविषयी साशंकतेचा एकही स्वर उमटू नये, हे त्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

ग्रंथालय आणि खेळ ह्यांचा संबंध इतका उथळच असावा काय? चेन्नईच्या परिसरात बसून ह्या प्रश्नाचा विचार करताना शियाळी रामामृत रंगनाथन ह्यांचे स्मरण अपरिहार्य ठरते. गणिताचे हे अध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. शिक्षणासाठी लंडनला गेले असता सेल्फ्रिजेसच्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. त्याच त्या पट्ट्या आणि तेच ते स्क्रू निरनिराळ्या रीतीने जोडून निरनिराळ्या वस्तू उभ्या राहतात, हे पाहून त्यांना वर्गीकरणाची नवी कल्पना सुचली. विषयांना आधीच ठरलेल्या चौकटींत न बसवता त्यांचे घटक जुळवून क्रमांक सिद्ध करावयाचा, हे तिचे तत्त्व. १९३३ मध्ये ती द्विबिंदू वर्गीकरण म्हणून प्रसिद्ध झाली. लेमनचेलोने ग्रंथालयाचे खेळणे केले. रंगनाथनांनी खेळण्यातून ग्रंथालय काढले. त्यांच्या क्रमांकाची उकल करणे हेदेखील कोडेच आहे, पण ते सुटते तेव्हा हाती बाहेरचे दार येत नाही, ग्रंथाच्या विषयाची घडण येते.

१९३१ मध्ये रंगनाथनांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांपैकी चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवण्यास सांगतो. ह्या नियमाच्या दृष्टीने लेमनचेलोचे ग्रंथालय म्हणजे नियमभंगाचा उत्सवच होय. कारण वाचकाला हवे ते लवकर मिळू नये अशीच तेथील योजना आहे. मुलाच्या बाबतीत हा नियमभंग क्षम्य, किंबहुना इष्ट आहे असे मला वाटते. मुलाला काय हवे हे त्याला आधी ठाऊक नसते. फळ्यांमधून भटकतानाच ते त्याला सापडते. मात्र ह्या भटकण्याला एक पूर्वअट आहे. फळ्या खुल्या असल्या पाहिजेत. रंगनाथनांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचकाला फळीपर्यंत जाऊ देण्याचा आग्रह धरला तो ह्याच श्रद्धेने.

मराठी बालकादंबरीत ग्रंथालयातील साहस का आढळत नाही, ह्याचे एक कारण येथे असावे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे; आपली ग्रंथालयपरंपरा लहान नाही. पण आपल्याकडील पुष्कळ वाचनालयांत वर्षानुवर्षे व्यवहार चालला तो खिडकीतून : वाचकाने चिठ्ठी द्यावी आणि कारकुनाने पुस्तक आणून द्यावे. जेथे मुलाचा हात फळीला लागत नाही तेथे साहस घडावयाचे कोठे? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे रहस्ये सोडवतो ती सायकलवर, रस्त्यांवर, परक्या गावांत. तो चपळ आहे, डोळस आहे. त्याचे क्षेत्र उघडे जग आहे. आपल्या कुमारनायकाला ग्रंथालयाचे दार आपणच पुरते उघडून दिले नाही.

आता भाषांतराचा प्रश्न. तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने १८०६ च्या सुमारास इसापच्या कथांचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' ह्या नावाने छापले गेले. मराठी मुलांसाठी छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांतील हे पुस्तक तमिळ देशात सिद्ध झाले, ही घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. नीतिकथा सुखाने देशांतर करते. कोल्हा आणि द्राक्षे कोठेही नेता येतात. कोडे मात्र भाषेच्या हाडामांसात रुजलेले असते. डोळ्याचे चित्र इंग्रजी मुलाला 'आय' म्हणजे 'मी' असे वाचता येते. मराठीत डोळा डोळाच राहतो. उलट पानाचे चित्र मराठीत झाडाचे, विड्याचे, पुस्तकाचे आणि पंगतीत वाढलेले असे चार अर्थ देते. मी राहतो त्या आवडी ह्या उपनगराच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरांत फोड करून रणगाड्यांच्या कारखान्याशी त्याचा संबंध जोडण्याची लोकप्रिय रीत आहे, तर मराठी मुलाला त्याच पाटीवर 'आवड' ह्या शब्दाचे अनेकवचन दिसते. एकाच नावात दोन कोडी आहेत, आणि एकही दुसऱ्या भाषेत नेता येत नाही.

म्हणून ही कादंबरी मराठीत आणावयाची तर वाक्यांचे भाषांतर पुरणार नाही. सबंध ग्रंथालय नव्याने मांडावे लागेल. ड्यूईच्या कोष्टकात मराठी साहित्य ८९१.४६ ह्या आडकोपऱ्यात पडते. मराठी लेमनचेलोच्या घुमटाखाली ते मध्यभागी यावे लागेल. आणि इंग्रजी ग्रंथनामांच्या जागी मराठी ग्रंथनामे बसवताच मूळ कृतीची उणीव अधिक तीव्रतेने जाणवेल. कारण ज्या मुलाने ती पुस्तके वाचलेली नाहीत त्याला नावांची किल्ली लागणारच नाही.

आवडीत ही चिंता तात्त्विक राहत नाही. येथे नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबातले मराठी मूल शाळेत इंग्रजी व तमिळ वाचते आणि मराठी बहुधा केवळ कानाने जाणते. येथून फार दूर नसलेल्या एग्मोर भागात १८९६ मध्ये सुरू झालेले कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्यान्वये भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक ग्रंथाची एक प्रत तेथे पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. म्हणजे मराठी बालपुस्तकाला कायद्याने ह्या शहरात जागा आहे. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा ही रंगनाथनांच्या तिसऱ्या नियमाची अपेक्षा मात्र कायद्याने पुरी होत नाही. तेथे साहित्याला काम करावे लागते. कोड्याची कादंबरी हे काम करू शकेल, कारण आवड नसलेल्या मुलालाही ती फळीपर्यंत नेते. काइल हा त्याचाच दाखला आहे, आणि ग्रॅबेन्स्टाइन ह्यांचे खरे यश एवढ्यात आहे.

पुढचे पाऊल मराठी लेखकाने टाकावे. तंजावरच्या सरस्वती महालात मोडी लिपीतील मराठी कागदांचे रुमाल आहेत. तेथे घडणाऱ्या साहसकथेत कागद वाचता येणे हीच किल्ली ठरेल. त्यातून एखादे अक्षर उचलून पळता येणार नाही, कारण अक्षर ओळखण्यासाठी ओळ वाचावी लागते आणि ओळ लागण्यासाठी माणसे, काळ व व्यवहार समजावे लागतात. जे कोडे वाचल्यावाचून सुटत नाही आणि सुटल्यावरही पुस्तक मिटू देत नाही, तेच ग्रंथालयात शोभणारे कोडे. ह्या कसोटीला लेमनचेलोची कादंबरी अर्धी उतरते. उरलेल्या अर्ध्याची जागा मराठीत अद्याप मोकळी आहे.