आवाज उचलला, मोजणी राहिली



आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. बिनाका गीतमालेच्या गावठी नकला, त्याही बल्लारपूरसारख्या गिरणीच्या आणि कोळशाच्या गावातल्या. त्यावर व्याख्यान ते काय द्यायचं? मूळ गीतमालेवर भरपूर बोललं गेलंय. अमीन सयानी 20 फेब्रुवारी 2024 रोजी गेले तेव्हा सगळीकडे आठवणींचा पूर आला. नकलेबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आमचं म्हणणं असं, की एखाद्या कलाकृतीचं आपण नेमकं काय घेतलं आणि काय सोडलं, हे तिच्या कौतुकापेक्षा तिच्या नकलेत जास्त स्पष्ट दिसतं.

नक्कल म्हणजे कोणती? ती तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. गणपतीच्या मंडपापुढं ऑर्केस्ट्रा लागला की निवेदक घसा साफ करून ‘बहनों और भाइयों’ म्हणायचा. माईकवाला भोंग्यावर ‘अगली पायदान पर’ असं सांगून तबकडी लावायचा. पुढं कॅसेटचं दुकान आलं. गिऱ्हाईक कागदावर गाण्यांची यादी घेऊन जायचं आणि दुकानदार साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट भरून द्यायचा. हौशी दुकानदार मधे स्वतःचा आवाजही घालायचा. यातल्या कुणी ना प्रायोजकाला विचारलं, ना रेकॉर्ड कंपनीला, ना सयानींना. सगळं विनापरवाना.

या नकलांवर दोन निकाल ठरलेले असतात. एक म्हणतो, चोरी. दुसरा म्हणतो, भाबडं प्रेम. आम्हाला दोन्ही अपुरे वाटतात. या नकलांचा दोष त्या अनधिकृत होत्या हा नव्हे. त्या फार आज्ञाधारक होत्या, हा खरा दोष. परवानगी घेतली नाही, आणि तरीही एकाही ठिकाणी हुकूम मोडला नाही!

हे पटवायचं तर मूळ कार्यक्रमाकडे थोडं जावं लागेल.

गीतमाला सुरू झाली 3 डिसेंबर 1952 रोजी, रेडिओ सिलोनवरून. ती परक्या देशातून का सुरू झाली, हे लक्षात ठेवायला हवं. त्या वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस मराठी, शास्त्रीय संगीताचा कैवारी. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. इकडं श्रीलंकेत दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला ताकदवान लघुलहरी ट्रान्समीटर मोकळाच होता. मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचा, टेप विमानानं कोलंबोला पाठवायची आणि तिथून तो भारतभर ऐकू यायचा. म्हणजे सरकारनं ज्या गाण्यांना दार बंद केलं ती गाणी समुद्रापलीकडून खिडकीतनं आत आली. मूळ गीतमालेलाही दिल्लीची संमती नव्हतीच, फक्त तो बेकायदा प्रकार नव्हता.

दुसरी गोष्ट, तो साचाही उसना. अमेरिकेत ‘युवर हिट परेड’ 1935 पासून रेडिओवर होता. रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाण्यांची हिट परेड चालायची, तिचं हिंदी रूप म्हणजे गीतमाला. तेव्हा बल्लारपूरच्या माईकवाल्यानं केली ती नकलेची नक्कल होती. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. साचे असेच फिरतात. प्रश्न इतकाच, की साच्यात आपण काय ओततो.

सयानींनी काय ओतलं? दोन गोष्टी. एक भाषा, दुसरी मोजणी.

आधी भाषेचं बघू. नकलाकार त्यांचा तो लांबवलेला स्वर घेतात, ते हसरं बोलणं घेतात. पण ती भाषा आली कुठून? त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेचं काम करायच्या. गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक चालवलं. देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत, भाषा मात्र एकच, साधी हिंदुस्तानी. वाचक कोण? नुकतीच अक्षरं ओळखायला लागलेली माणसं. पोरगा अमीन त्या कामात हात लावायचा. म्हणजे ज्याला आपण ‘स्टाईल’ म्हणतो ती मुळात नवसाक्षर माणसाशी कसं बोलावं याची शिस्त होती. अवघड शब्द टाळायचा, वाक्य छोटं ठेवायचं, समोरच्याला कमी लेखायचं नाही. ‘नंबर’ऐवजी ‘पायदान’ हा शब्द त्यातूनच येतो. पायदान म्हणजे पायरी. आकडा न समजणाऱ्यालाही पायरी समजते.

आता सांगा, या शिस्तीची बल्लारपुरातली प्रामाणिक नक्कल कशी झाली असती? आपल्या गावाकडे बघा. गाव एक, नावं दोन. स्टेशनवर बल्हारशाह, बाकी सगळीकडे बल्लारपूर. दिल्ली-चेन्नई मार्गावरचं जंक्शन, 1945 मध्ये स्थापन झालेली पेपर मिल, कोळशाच्या खाणी, आलापल्लीच्या सागवानाची वाहतूक. या धंद्यांच्या मागं माणसं आली. मराठी, तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी कानावर पडते, आजूबाजूच्या गावांत गोंडी आहे, झाडीबोली आहे. सयानींचं खरं अनुकरण करणारा निवेदक या सगळ्यांना कळेल अशी स्टेशनावरची, पाळीवरची, बाजारातली मिसळ बोली बोलला असता. आमच्या निवेदकानं काय केलं? जन्मात कधी घरी बोलला नाही ती हिंदुस्तानी, आणि तीही दुसऱ्याच्या घशातून. सयानी श्रोत्याच्या भाषेकडे वळले होते. आम्ही श्रोत्याला सयानींच्या भाषेकडे वळवलं.

आता मोजणी. आमच्या मते ही त्याहून मोठी चूक.

सुरुवातीला गीतमालेत क्रम नव्हताच. सात गाणी वाजायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पत्र पाठवायचं, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, असं सयानी मुलाखतींत सांगत. इतकी पत्रं उघडायची कोण? मग साचा बदलला. रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांची पसंती यांवरून पायदानं ठरू लागली.

या दोन्ही मापांना कोण सापडतं आणि कोण सुटतं, हे बघा. तबकडी विकत घेणारा सापडतो. ज्याच्या घरी ग्रामोफोन नाही पण जो चहाच्या टपरीवर तेच गाणं शंभर वेळा ऐकतो, तो दुकानाच्या हिशेबात येत नाही. संघ काढून शिक्के मारून पत्रं धाडणारा सापडतो. बिहारातलं, आता झारखंडातलं झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणीचं गाव अशाच पत्रांनी देशभर गाजलं. लोक त्याला हसले, पण त्या गावाला एक गोष्ट कळली होती: जो मोजणीत शिरतो त्याचं नाव उच्चारलं जातं. आणि अख्खी मोजणी हिंदी सिनेगीतांची. त्यात मराठी गाण्याला जागा नव्हती, मग गोंडीचं नावच नको. हा काही गीतमालेवर आरोप नाही. तिनं हिंदी सिनेगीतांचंच वचन दिलं होतं आणि ते पाळलं.

आरोप आपल्यावर आहे. आपल्या मंडपात आपलाच माईक होता. वरून कुणाचा हुकूम नव्हता, प्रायोजक नव्हता, कंपनी नव्हती. ज्या दिवशी परवानगी मागितली नाही त्या दिवशी आपण मोकळे झालो होतो. त्या मोकळेपणाचा उपयोग काय केला? बुधवारी रात्री आठला सिलोनवरून ऐकलेलीच यादी त्याच क्रमानं पुन्हा वाजवली. वर सरताज गीताआधीचा बिगुलही तोंडानं वाजवून दाखवला! बल्लारपुरात या आठवड्यात लोकांच्या तोंडी काय आहे, हे कुणी विचारलं नाही.

आणि इथं मोजण्यासारखं होतं किती! डॉ. आंबेडकरांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीवर पुस्तकांचे आणि गाण्यांचे ठेले लागतात. वामनदादा कर्डकांची गाणी, भीमगीतं कुठल्या ठेल्यावर संपली आणि कुठली उरली, हा चोख हिशेब त्या विक्रेत्याच्या डोक्यात असतो. तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं चिमूरपासून खेड्याखेड्यांत आहेत. गोंड लग्नांतली रेला गाणी आहेत. कॉलरीच्या वसाहतीत तेलुगू सिनेमाची गाणी आहेत. वरातीतल्या बँडवाल्याला तर विचारूच नका! लोकप्रियता मोजणारा त्याच्याइतका पक्का माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल. कोणत्या गाण्याला नोटा ओवाळल्या जातात आणि कोणत्याला वरात बसून घेते, हे त्याला रोज रोख कळतं.

कुणी म्हणेल, त्या काळात कायदा होता, कोण असं धाडस करणार? कायद्याचंही बघू. बिनापरवाना प्रक्षेपण करणं खरंच गुन्हा होता आणि आहे. बिहारच्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर गावी एका दुरुस्तीच्या दुकानातून घरगुती एफएम केंद्र काही वर्षं चाललं. गावच्या लोकांना ते हवं होतं, पण परवाना नाही म्हणून 2006 मध्ये ते बंद पडलं. पण मंडपातल्या माईकवरून आपलीच यादी वाचायला कुठला तार-कायदा आड येतो? कॅसेटचं म्हणाल तर विनापरवाना भरणं चूकच. गायकाचा, वादकाचा, गीतकाराचा त्यात तोटा होता आणि आम्ही ते झाकणार नाही. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, अटी पाळून आणि रॉयल्टी भरून, दुसऱ्याच्या गाण्याची नवी ‘आवृत्ती’ काढायची वाट होती. त्या वाटेनं टी-सीरिजनं जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या कॅसेटचा मोठा धंदा उभा केला. म्हणजे कायद्यालाही नक्कल आणि आवृत्ती यांतला फरक कळतो. आवृत्ती करणारा निदान स्वतः गातो.

आवृत्ती म्हणजे काय हे बघायला मुंबईला जायची गरज नाही. वडसा, म्हणजे देसाईगंज, इथून दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं निघतात आणि होळीपर्यंत रात्र रात्र चालतात. ही रंगभूमी सिनेमाची चाल बिनदिक्कत उचलते. कडक समीक्षक त्यावर नाक मुरडतात. काही प्रयोग खरोखरच सवंग असतात, तेही मान्य. पण ती चाल उचलून त्यात झाडीबोलीतलं सासर-माहेर घालते, धानाचा भाव घालते. आणि प्रेक्षक जागच्या जागी ‘वन्समोअर’ देऊन आपलं मत नोंदवतो. ना तबकडी घ्यावी लागत, ना पत्र लिहावं लागत. 2023 मध्ये याच रंगभूमीवरच्या डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ज्या नकलेत आपली भाषा आणि आपली मोजणी आली, ती टिकली. मंडपातली ‘गीतमाला’ मात्र मूळ कार्यक्रम थांबला तशी विरून गेली, कारण तिच्याकडे स्वतःचं काही नव्हतंच.

एक बाजू मात्र मांडली पाहिजे. आज्ञाधारक नकलेतही सुख होतं. लघुलहरींवरचा आवाज लाटेसारखा येतो-जातो. ऐन सरताजाच्या वेळी खरखर सुरू होते. मंडपातल्या भोंग्यावर तेच गाणं स्वच्छ, सगळ्यांनी मिळून ऐकायला मिळायचं. 1967 मध्ये विविध भारतीवर जाहिराती आल्या त्या मुंबई, पुणे आणि आपल्या नागपूरला. तरीही गीतमाला सिलोनवरूनच येत राहिली, विविध भारतीवर ती आली थेट 1989 मध्ये. इतकी वर्षं माईकवाल्यानं ती गावापर्यंत नीट पोचवली, ही सेवा खरीच. तिला सेवा म्हणू. कलाकृती म्हणायला अजून एक पायरी चढायची राहिली होती.

हे सगळं आज का उकरायचं? कारण मोजणी आजही चालूच आहे, आणि आता ती विचारतसुद्धा नाही. मोबाइलवर गाणं वाजलं की आकडा वाढतो, आकडा वाढला की तेच गाणं पुढं येतं. सयानींना निदान पत्रं उघडावी लागायची. आता पोस्टमनही नाही. आणि ज्या गाण्याचं कधी रेकॉर्डिंगच झालं नाही, ते या मोजणीत शून्यसुद्धा नाही, कारण शून्य लिहायलाही आधी नाव नोंदलेलं लागतं. गोंडी गाणाऱ्या आज्या थकत चालल्यात. जे मोजलं जात नाही ते कुणी मागत नाही, आणि जे मागितलं जात नाही ते गळ्यातून उतरतं.

म्हणून शेवटी एक कामाची गोष्ट. 2006 पासून सामाजिक संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा परवाना मागता येतो. ते जमेल तेव्हा जमेल. पण त्याआधी एक वही पुरे. दिवाळी ते होळी, एक हंगाम. बँडवाल्याला विचारा, 16 ऑक्टोबरच्या ठेलेवाल्याला विचारा, नाटकातले वन्समोअर लिहून ठेवा, कॉलरीतल्या शेजाऱ्याला त्याचं तेलुगू गाणं म्हणायला लावा. गोंडी गाणं ऐकाल तर म्हणणारीचं नाव तिला विचारून लिहा आणि तिची हरकत नसेल तर ध्वनिमुद्रण करा. मग येत्या गणपतीत माईक हातात घ्या आणि ती यादी आपल्या बोलीत वाचून दाखवा. सुरुवात ‘बहनों और भाइयों’नं केली तरी चालेल, तेवढं सयानींचं देणं लागतोच. पुढची पायदानं मात्र बल्लारपूरची असू द्या.